वाचकांचे प्रश्न : कड्यावरच्या आयबेक्सला पाणी लागतं का?

प्रश्न : ताई, सिनाई आणि मृत समुद्राच्या परिसरातले उभे कडे चढणाऱ्या रानबकऱ्या व्हिडिओत पाहिल्या. त्या घसरत कशा नाहीत? आणि तिथे पाऊस नावालाच पडतो, मग उंटासारख्या त्याही बरेच दिवस पाण्यावाचून राहतात का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण या प्राण्याचं सगळं जगणं त्यातच अडकलेलं आहे. तुम्ही पाहिलेत ते न्युबियन आयबेक्स. त्यांना पाणी लागतं. उन्हाळ्यात तर ते जवळजवळ रोज झऱ्यावर उतरतात. त्याच मुलखात बेदूइन, म्हणजे वाळवंटातले भटके अरब लोक, पाळतात ती काळी शेळी दोन-चार दिवसांतून एकदा पाणी प्यायली तरी तग धरते. म्हणजे तहान सोसण्यात रानातल्या भाईबंदापेक्षा पाळीव शेळीच काटक! मला स्वतःला ही गोष्ट फार विलक्षण वाटते.

मग आयबेक्स वाळवंटात टिकतो कसा? कडा आणि झरा एकमेकांच्या जवळ असतील, अशीच जागा तो धरून राहतो. मृत समुद्राच्या पश्चिम काठावरचं एन गेदी बघा. वर शेकडो मीटर उंच कडे, खालच्या घळींत बारमाही झरे. झऱ्याकडे उतरणारा कळप मी तिथे पाहिला आहे. माद्या चार पावलं उतरतात, थबकतात, माना वर करून चहूकडे बघतात, मग पुन्हा चार पावलं. पाण्यापाशी जरा खुट्ट झालं की सगळा कळप क्षणात वर. लांडग्याला तिथे चढता येत नाही.

न घसरण्याचं रहस्य खुरात आहे. खुराची बाहेरची कड टणक असते, ती खडकाच्या बोटभर खाचेतही अडकते. आतला तळवा मऊ, रबरासारखा, तो दगडाला घट्ट बसतो. शिवाय दोन फाका वेगवेगळ्या हलतात, त्यामुळे उंचसखल जागी पाऊल नीट टेकतं. अंगावरची फिकट, तुकतुकीत लव बरंचसं ऊन परतवून लावते, म्हणून भर दिवसाही तो चरताना दिसतो. नराची शिंगं जवळपास मीटरभर लांब होतात, मादीची बरीच आखूड.

पिल्लं वसंतात होतात, गाभणकाळ साधारण पाच महिन्यांचा. काही ठिकाणी माद्या पिल्लांना एखाद्या उभ्या, खोलगट कपारीत एकत्र ठेवून चरायला आणि पाण्यावर जातात. परतल्यावर जी ती आपलंच पिल्लू पाजते. दूध पाजणाऱ्या मादीला पाणी जास्त लागतं, म्हणून या दिवसांत झऱ्याची वाट मोकळी असणं अतिशय गरजेचं.

बंदुका आल्या आणि शिकारीने हा प्राणी कितीतरी डोंगरांतून संपवला. इस्राएलमध्ये १९५५च्या वन्यप्राणी संरक्षण कायद्यानंतर त्याला आधार मिळाला. जॉर्डनमध्ये बंदिस्त जागेत वाढवलेले आयबेक्स वाडी मुजिबच्या घळीत सोडले गेले. तरीही धोक्यातल्या प्राण्यांची नोंद ठेवणाऱ्या जागतिक लाल यादीत तो आज ‘असुरक्षित’ गटात आहे. शिकार चालू आहेच, आणि झऱ्यांवर गुरांची नि माणसांची गर्दी वाढली आहे. माणसं पाण्याकाठी ठाण मांडून बसली की बुजरे कळप वरच खोळंबतात.

तुम्ही कधी तिकडे गेलात, तर कळप आणि पाणी यांच्या मध्ये उभे राहू नका. बाजूला, दूर बसा, आणि त्यांचं पाणी पिऊन होईपर्यंत जागचे हलू नका.