इंटरडिसिप्लिनरी प्रपोजल तपासायला एक्स्पर्ट रिव्ह्यूअर आणायचे कुठून?

30 मेल आणि 5 होकार! हा आकडा वाचून हसू आलं, तुम्हाला नाही हो, माझीच सुरुवातीची वर्षं आठवली. प्रश्नाचा वरचा भाग ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी: प्रश्नकर्ते संशोधनाला निधी देणाऱ्या एका संस्थेत नुकतेच लागलेत, 14 प्रपोजलं समोर आहेत, प्रत्येकात दोन-तीन विषयांची सरमिसळ, रिव्ह्यूसाठी 30 जणांना मेल केले तर होकार आले 5, आणि बाकी ज्याला विचारावं तो म्हणतो "हा पूर्णपणे माझा विषय नाही". तर सगळे विषय येणारे एक्स्पर्ट मिळतात कुठे, आणि नाहीच मिळाले तर एखाद्या मोठ्या नावाच्या प्रोफेसरकडून काम भागेल का.

सगळे विषय येणारा मिळत नाही. तो शोध आजच बंद करा.

मी एका निधी देणाऱ्या संस्थेत बरीच वर्षं प्रोग्रॅम ऑफिसर होते, आता अधूनमधून पॅनेलवर बसते. सुरुवातीला मीही तेच करायचे, प्रपोजलच्या शीर्षकातले तीन शब्द उचलायचे, सर्चमध्ये टाकायचे आणि जे नाव वर येईल त्याला मेल ठोकायचा. तिन्ही विषय खरंच येतात असा माणूस जगात असतोही, पण तो बहुतेक वेळा त्याच प्रपोजलचा अर्जदार निघतो, नाहीतर अर्जदाराचा गाईड, नाहीतर अर्जदाराशी ज्याचं हाडवैर आहे तो.

माझे डोळे उघडले ते एका प्रपोजलमुळे, तपशील थोडे बदलून सांगते. जुन्या कापड गिरण्यांमधल्या कामगारांचे कान किती वर्षांत किती गेले हे काढायचं होतं. जपून ठेवलेले चालू स्थितीतले जुने माग लावून आवाज मोजायचा, गिरणीच्या दवाखान्याच्या नोंदवह्या वाचायच्या, आणि दोन्ही एकत्र करून मॉडेल बांधायचं. मी अगदी शहाण्यासारखे तीन रिव्ह्यूअर गाठले, एक ध्वनिशास्त्रातले इंजिनियर, एक कामगारांच्या इतिहासाच्या अभ्यासक, एक कानाचे डॉक्टर. तिघांचेही रिव्ह्यू छान आले. इंजिनियर म्हणाले मोजमापाची पद्धत उत्तम आहे, नोंदवह्यांचं इतिहासवाले बघतीलच. इतिहासवाल्या बाई म्हणाल्या संग्रह दुर्मिळ आहे, तांत्रिक भागाबद्दल मी काही बोलत नाही. डॉक्टरांनीही तोच सूर लावला. मार्क चांगले, ग्रँट मंजूर.

दुसऱ्या वर्षी गाडी अडली. नोंदवहीत लिहिलेलं असायचं "कानाने मंद" किंवा "दोनदा हाक मारावी लागते", आणि मॉडेलला हवे होते डेसिबल. दोनदा हाक म्हणजे 30 डेसिबलचं नुकसान की 50 चं? त्यात परत लिहिणारा गिरणीचाच पगारी डॉक्टर, बहिरेपण कामामुळे आलंय असं लिहून त्याला काय मिळणार होतं. मी मूळ प्रपोजल काढून बघितलं तर पान 7 वर एक ओळ होती, "नोंदींचे आकड्यांत रूपांतर केले जाईल". बस, एवढीच. तिघांनीही ती वाचली असणार आणि तिघांनाही वाटलं असणार की ही दुसऱ्याच्या हद्दीत आहे.

मी त्याला सांधा म्हणते. एका विषयाच्या हातातून वस्तू दुसऱ्या विषयाच्या हातात जाते ती जागा. असली प्रपोजलं बहुतेक वेळा तिथेच मोडतात आणि नेमका तिथेच रिव्ह्यूअर नसतो, कारण आपण माणसं विषयाच्या नावावर शोधतो.

म्हणून आता मी नावं शोधायच्या आधी प्रपोजल घेऊन बसते आणि सांध्याची वाक्यं वेगळी लिहून काढते. एका प्रपोजलमध्ये दोन, फार तर तीन निघतात. मग प्रश्न असा विचारायचा की हेच काम, भले दुसऱ्याच कुठल्या विषयात का असेना, आधी कोणी केलंय? गिरणीच्या उदाहरणात मला हवा होता शब्दांचे आकडे करणारा माणूस, आणि तशी माणसं सापडतात हवामानाच्या इतिहासात! क्लायवॉक नावाच्या युरोपियन प्रोजेक्टमध्ये 1750 ते 1850 दरम्यानच्या जहाजांची लॉगबुकं घेऊन, खलाशांनी वाऱ्यासाठी वापरलेले शब्द बोफर्ट स्केलवर, म्हणजे वाऱ्याचा जोर आकड्यांत सांगणाऱ्या मोजपट्टीवर, बसवले होते. त्या कामाशी संबंध आलेल्या कोणालाही ते पान 7 दाखवलं असतं तर पाच मिनिटांत विचारलं असतं की तुमचा शब्दकोश कुठाय आणि तो तपासणार कशावर. कानातलं काही कळत नसलं तरी चाललं असतं.

आता प्रत्यक्ष नावं कुठून काढायची. प्रपोजलच्या संदर्भयादीत नुसती कौतुकाने घेतलेली नावं बघू नका, ज्यांचं म्हणणं अर्जदाराने खोडलंय ती बघा. मला सगळ्यात जास्त फळलेली जागा म्हणजे दोन वेगवेगळ्या डिपार्टमेंटचे गाईड असलेले पीएचडी थिसिस. ते थिसिस लिहिणारे आता पोस्टडॉक (पीएचडीनंतर संशोधन करणारे) किंवा नवे प्राध्यापक असतात, दोन्हीकडची बोलणी खाऊन मोठे झालेले असतात, आणि वेळेत लिहून देतात. तसंच दोन विषयांच्या मधल्या विशेषांकांचे पाहुणे संपादक, आणि तुमच्याच संस्थेकडून आधी अशी ग्रँट घेतलेले लोक. ज्यांना थोडक्यात ग्रँट हुकली होती त्यांनाही विचारा, बरेच जण खुशीने येतात. ओपनअ‍ॅलेक्स ही शोधनिबंधांची ऑनलाइन सूची फुकट आहे, तिथे विषयाऐवजी पद्धतीच्या नावाने शोधा. आणि विद्यापीठाबाहेरच्यांना विसरू नका, प्रपोजलमध्ये हॉस्पिटलमधल्या नर्सनी अमुक फॉर्म भरायचा असं असेल तर तो फॉर्म भरला जाईल का हे अनुभवी नर्सच सांगेल, प्रोफेसर नाही.

अर्जदाराने सुचवलेली नावं मात्र जपून. स्विस नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या 38,250 रिव्ह्यूंचा अभ्यास 2020 मध्ये छापून आला, त्यात अर्जदाराने सुचवलेल्या रिव्ह्यूअरनी इतरांपेक्षा जास्त मार्क दिलेले दिसले. मी अर्जदाराला नावं मागतच नाही, तुमचं काम तपासायला कुठकुठलं ज्ञान लागेल एवढं चार ओळीत लिहा म्हणते. त्या चार ओळींवरून त्याला स्वतःला सांधा कुठे आहे हे कळलंय की नाही तेही कळतं, हा बोनस.

आता नकारांचं. "हा पूर्णपणे माझा विषय नाही" हा नकार बहुतेक वेळा खोटा नसतो, तो तुमच्या मेलमुळे येतो. तुम्ही 40 पानांचं प्रपोजल जोडून "कृपया मूल्यमापन करावे" लिहिलं की प्रामाणिक माणूस घाबरणारच, कारण त्याला त्यातली 25 पानं कळत नाहीत. (आणि ज्याला काहीच कळत नाही तो बिनधास्त हो म्हणतो, ही दुसरी गंमत.) माझा मेल आता साधारण असा असतो: "तुम्ही संपूर्ण प्रपोजलचे तज्ज्ञ नाही हे आम्हाला माहीत आहे आणि तशी अपेक्षाही नाही. तुमच्या अमुक पेपरमध्ये तुम्ही मुलाखतींवरून नकाशे तयार केले होते, इथेही पान 6 ते 9 वर तेच करायचं आहे. ते जमेल का, आणि नाही जमलं तर बाकीच्या प्रोजेक्टचं काय होईल, एवढंच हवंय. साधारण तीन तासांचं काम आहे, तारीख अमुक, मानधन अमुक." मानधन नसेल तर नाही म्हणून सरळ लिहा, लपवलं की लोक चिडतात. आणि शेवटी एक ओळ, तुम्हाला जमत नसेल तर हे काम जमेल अशी दोन नावं द्या. मोठे लोक स्वतः नाही म्हणतात पण नावं देतात, आणि ती बहुतेक वेळा त्यांच्यापेक्षा बरी निघतात. मेल असा बदलल्यावर मला साधारण निम्मे होकार यायला लागले.

मोठ्या नावाच्या प्रोफेसरबद्दल विचारलंत म्हणून सांगते. आपल्या विषयातला माणूस आपल्या विषयाला जास्त मार्क देणार असं आपल्याला वाटतं. 2016 मध्ये मॅनेजमेंट सायन्स या जर्नलमध्ये एक प्रयोग छापून आला, 142 रिव्ह्यूअर आणि 15 प्रपोजलं, कोणाकडे कुठलं जाणार ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. प्रपोजल जितकं रिव्ह्यूअरच्या स्वतःच्या विषयाजवळचं तितके मार्क कमी पडले, आणि जे फार नवीन होतं त्यालाही कमी. ज्याला खाचाखोचा माहीत असतात त्याला भोकं दिसतात, साहजिक आहे. पण त्याचा अर्थ असा होतो की तीन विषयांचे तीन दिग्गज बसवलेत तर प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यातली भोकं दाखवणार आणि तिघांच्या बेरजेत प्रपोजल मरणार. ऑस्ट्रेलियन रिसर्च कौन्सिलकडे पाच वर्षांत आलेल्या 18,476 प्रपोजलांचा अभ्यास त्याच वर्षी नेचरमध्ये आला होता, जितकी विषयांची सरमिसळ जास्त तितकी ग्रँट मिळण्याची शक्यता कमी, असं त्यात स्पष्ट दिसलं. नुसती रिव्ह्यूअरांची चूक आहे असं मी म्हणत नाही, काही प्रपोजलं खरंच खिचडी असतात, पण आपण माणसं कशी निवडतो याचा त्यात हात असणार असं माझं मत आहे.

म्हणूनच सरासरी काढू नका. साध्या प्रपोजलला तीन रिव्ह्यूअर पुरतात, इथे चार किंवा पाच लागतात, आणि पाच माणसं म्हटल्यावर एक तरी नाक मुरडणारच. पाचातला एक नाही म्हणाला म्हणून सरासरी खाली आली आणि प्रपोजल यादीतून गेलं, असं होत असेल तर अर्जदाराने जास्त विषय घेतले याची तुम्ही त्याला शिक्षा देताय. शिवाय आकडे मुळातच कच्चे असतात. 2018 मध्ये पीएनएएस या जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात 43 रिव्ह्यूअरना एनआयएचचे (अमेरिकेत आरोग्य संशोधनाला निधी देणारी सरकारी संस्था) 25 अर्ज दिले होते, एकाच अर्जाबद्दल त्यांचं आपसात जवळपास एकमत नव्हतंच. हे एकाच क्षेत्रातले लोक, आपल्याकडे तर वेगवेगळ्या गावचे. आणि एनआयएचच्या पद्धतीत 1 ते 9 मध्ये 1 हा सगळ्यात चांगला, आमच्याकडे उलटं होतं, तर तिथली सवय असलेल्या एका रिव्ह्यूअरने भरभरून कौतुक केलं आणि खाली मार्क दिला 2. मी फोन केला म्हणून कळलं!

त्यामुळे वाचायला पाठवायच्या आधी सगळ्यांना एका कॉलवर घ्या, 40-45 मिनिटं पुरे. मार्कांचा अर्थ सांगा, आणि ज्या शब्दांवरून भांडण होणार ते आधीच काढा. "मॉडेल" हा शब्द इंजिनियर, अर्थतज्ज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ तिघेही वापरतात आणि तिघांच्या डोक्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. सँपल 30 लोकांचं आहे म्हणून एक जण हसतो, आणि ज्याने लांबलचक मुलाखती घेतल्यात त्याला 30 पुष्कळ वाटतात. सगळ्यांना सांगायचं की तुमच्या विषयाच्या मापाने दुसऱ्याचा भाग मोजू नका, शंका असेल तर प्रश्न म्हणून लिहा, तो आम्ही त्या भागाच्या रिव्ह्यूअरकडे पाठवू. खरंच पाठवा मात्र. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सर्वात उपयोगी गोष्ट हीच आहे, रिव्ह्यू आल्यावर एकाचे प्रश्न दुसऱ्याला दाखवणं, कारण सांधा तेव्हाच उघडा पडतो.

हितसंबंधांचं पटकन सांगते. अमेरिकेच्या एनएसएफमध्ये (ही विज्ञान संशोधनाला निधी देणारी सरकारी संस्था) गेल्या 48 महिन्यांत सोबत पेपर लिहिला असेल तर तो रिव्ह्यूअर चालत नाही, तुमच्याकडे नियम नसेल तर हाच धरा. दोन विषयांच्या मधली वस्ती लहान असते, सगळे सगळ्यांना ओळखतात, तेव्हा दुसऱ्या देशातले लोक घ्यावेच लागतात. आणि रिव्ह्यूअरना स्पष्ट लिहून द्या की प्रपोजल कुठल्या एआय चॅटमध्ये टाकायचं नाही, गोपनीयतेचा प्रश्न आहे, एनआयएचने 2023 मध्येच बंदी घातली. समजत नसलेल्या भागाचा सारांश करून घ्यायचा मोह याच प्रपोजलांमध्ये सगळ्यात जास्त होतो.

दरवर्षी अशी प्रपोजलं मागवणार असाल तर मग दरवेळी 30 मेल करत बसू नका, कायमचा गट बांधा. ब्रिटनच्या यूकेआरआय या सरकारी निधी संस्थेने अशाच प्रपोजलांसाठी वेगळं इंटरडिसिप्लिनरी असेसमेंट कॉलेज, म्हणजे तपासणाऱ्यांचा गट, उभं केलं, लोकांकडून अर्ज मागवून. तुमच्या आकाराला 60-70 जणांची एक शीट पुरेल, फक्त त्यात "विषय" या कॉलमशेजारी आणखी एक कॉलम ठेवा, "कशाचं कशात रूपांतर करता येतं". पहिल्यांदा भरताना लोक गोंधळतात, फोन करून विचारतात की इथे नेमकं काय लिहू. जे फोन करतात त्यांची नावं मी वर ठेवते.

तुमच्या 14 पैकी एखाद्या प्रपोजलचा सांधा सापडत नसेल तर कमेंटमध्ये टाका, अर्जदाराचं नाव-गाव आणि शीर्षक न देता, नुसतं कोणत्या विषयाकडून कोणत्या विषयाकडे काय जातंय तेवढं लिहा. शनिवारी वेळ आहे, बघते.