गोव्यासारखी आमदारांची पक्षांतरं इतर देशांच्या राज्यांतही होतात का?

होतात, पण परिणाम वेगळा. अमेरिकेत राज्याचा कारभार चालवणारा गव्हर्नर थेट लोक निवडतात, म्हणून आमदार इकडचे तिकडे गेले तरी त्याची खुर्ची हलत नाही. नेब्रास्कात तर सभागृह एकच, सदस्य ४९, आणि त्यांच्या निवडणुकीत मतपत्रिकेवर पक्षाचं नावच नसतं.

कॅनडाचे प्रांत आपल्या पद्धतीच्या जवळचे. प्रीमियर, म्हणजे तिथला मुख्यमंत्री, बहुमतावर टिकतो, सभागृह एकच. प्रिन्स एडवर्ड आयलंडचं २७ जणांचं, म्हणजे पर्वरीतल्या गोवा विधानसभेच्या ४० पेक्षाही लहान.

आपल्याकडे घटनेच्या दहाव्या अनुसूचीनुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, एकट्याने पक्ष सोडला तर आमदारकी जाते. दोन-तृतीयांश जण एकत्र गेले तर मात्र विलीनीकरण म्हणून सूट! मोठ्या राज्यात एवढी माणसं जमवणं कठीण. गोव्यात २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १०, २०२२ मध्ये ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले.

त्यात मंत्रिपदं. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळावर १५ टक्क्यांची मर्यादा घातली, पण लहान राज्यांना १२ पर्यंत मुभा दिली. ४० चे १५ टक्के फक्त ६. म्हणजे बहुमताला लागणाऱ्या २१ जणांतले निम्म्याहून जास्त मंत्री होऊ शकतात. माझ्या मते गोव्याचं खरं दुखणं इथे आहे.

आणि अपात्रतेचा निकाल सभापतींच्या हाती, जे बहुधा सत्ताधारी पक्षाचेच असतात. हा अधिकार स्वतंत्र लवादाकडे जायलाच हवा. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मणिपूरच्या प्रकरणात संसदेला याचा विचार करायला सांगितलं होतं.