आली लहर, आली हुक्की

प्रश्न : ‘लहर’ आणि ‘हुक्की’ यांत फरक आहे का? माझ्या मुलीने निबंधात ‘पावसाला हुक्की आली’ असे लिहिले आणि शिक्षिकांनी ते खोडले. – एक वाचक, दादर

उत्तर : दोन्ही शब्द मनाच्या अकस्मात ओढीचे आहेत, पण त्यांचा पल्ला वेगळा आहे. ‘लहर’ संस्कृत ‘लहरी’वरून, म्हणजे लाटेवरून आला. लाट उठते तशीच ओसरते, म्हणून ‘लहर लागली’, ‘लहर फिरली’, ‘आली लहर, केला कहर’ असे आपण सहज म्हणतो. विषाची लहर आणि ध्वनिलहरी हेही त्याच कुळातले प्रयोग आहेत. ‘त्याच्या लहरी सांभाळा’ येथे ‘लहरी’ हे ‘लहर’चे अनेकवचन असते, तर ‘लहरी माणूस’ येथे तेच रूप विशेषण होते आणि क्षणाची गोष्ट स्वभाव बनते.

‘हुक्की’ला मात्र कृतीची घाई असते. रात्री साडेदहाला, भांडी घासून ओटा पुसून झाल्यावर, आईने पदराला हात पुसत “चला, चौपाटीवर जाऊन येऊ” म्हटले, तर तिला हुक्की आली. हुक्की बहुधा ‘येते’ आणि ती अमुक एक गोष्ट करण्याची असते. तिच्यावरून स्वभाव सांगणारे ‘लहरी’सारखे विशेषण प्रचारात नाही.

‘लहरी पाऊस’ रूढ आहे, हे खरे. तरीही दादर स्थानकाबाहेर स्वच्छ ऊन असताना, छत्री उघडायलाही सवड न देता कोसळणाऱ्या सरीला ‘हुक्की’च शोभते. मुलीचे वाक्य मला मनापासून आवडले. ते खोडायला नको होते.