कुत्रीच्या लघवीचा डाग जमखान्यावरून कसा काढावा, आणि तिला घरातली वेदनाशामक गोळी दिली तर चालेल का?

आपण सोलापूरहून लिहिले आहे की आपली पॉमेरेनियन कुत्री नऊ वर्षांची, साडेपाच किलो वजनाची आहे. खाजेसाठी तीन आठवड्यांपासून तिला प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू आहे. आजवर तिने घरात कधी घाण केली नव्हती, पण गेल्या आठ दिवसांत बैठकीतल्या जमखान्यावर चार वेळा लघवी केली. फिनेल लावूनही वास जात नाही. आणि ती मागच्या पायाने थोडी लंगडत असल्यामुळे शेजारी म्हणतात, अर्धी कॉम्बिफ्लॅम द्या. मीही सोलापूरचाच आहे आणि पंचवीस वर्षांपासून घरात कुत्री आहेत. पशुवैद्यक मात्र नाही, हे आधी सांगतो.

गोळीचे उत्तर प्रथम देतो, कारण डाग उद्यापर्यंत थांबू शकतो. गोळी देऊ नका. अर्धी नको आणि पावही नको. कॉम्बिफ्लॅमच्या एका गोळीत ४०० मिलीग्रॅम आयब्युप्रोफेन आणि ३२५ मिलीग्रॅम पॅरासिटामॉल असते. साठ किलोच्या माणसाने पूर्ण गोळी घेतली तरी त्याच्या वाट्याला किलोमागे सात मिलीग्रॅमहून कमी आयब्युप्रोफेन येते. आपल्या कुत्रीला अर्धी दिली तर किलोमागे छत्तीस मिलीग्रॅम जाईल, म्हणजे माणसाच्या पाचपट. शिवाय कुत्र्याच्या शरीरात हे औषध अधिक काळ रेंगाळते. जठराच्या अस्तराचे रक्षण करणारी आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखणारी द्रव्ये शरीर स्वतः बनवत असते. आयब्युप्रोफेन दुखणे थांबवते ते त्यांची निर्मिती रोखूनच. प्रेडनिसोलोनही जठराचे हे संरक्षण कमी करते. ही दोन औषधे एकत्र पोटात गेली की व्रण, रक्तस्राव आणि प्रसंगी जठराला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. म्हणून स्टिरॉइड चालू असताना पशुवैद्यक स्वतःची, कुत्र्यांसाठीची वेदनाशामकेसुद्धा सहसा देत नाहीत.

हे मी पुस्तकी सांगत नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, आमचा मोती लंगडू लागला तेव्हा मी त्याला गुळाच्या खड्यात दडवून डायक्लोफेनॅकची अर्धी गोळी दोन दिवस दिली. गोळी माझ्याच पाठदुखीच्या पाकिटातली होती. कोणाला विचारण्याची गरज वाटली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे सतरंजीवर तळहाताएवढा काळा, चकचकीत डाग दिसला. रस्त्यावरचे डांबर पायाला लागून आले असावे असे मला वाटले. ओले पांढरे फडके त्यावर दाबले, तेव्हा फडक्यावर मधोमध काळे आणि कडेने विटकरी लाल उतरले. ते पचलेले रक्त होते. मोती नऊ दिवस सलाइनवर राहून वाचला. याच डायक्लोफेनॅकवर आपल्या देशात २००६ साली जनावरांच्या वापरापुरती बंदी आली ती गिधाडे मरत होती म्हणून. कुत्र्यांची बाजू त्या वेळी कोणी मांडली नव्हती आणि माझ्यासारख्यांच्या घरातले पाकीट कोणी काढून घेतले नव्हते. तेव्हा आपल्याही जमखान्यावर डांबरासारखी काळी शी किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी दिसली, तर ती पुसत न बसता तिला उचलून दवाखाना गाठावा.

आता मूळ प्रश्न. माझ्या समजुतीप्रमाणे आपली कुत्री शिस्त विसरलेली नाही. तिला लघवी आवरत नाही. प्रेडनिसोलोनने तहान वाढते, लघवीचे प्रमाण वाढते आणि रात्रभर थांबणे अशक्य होते. हा त्या औषधाचा अगदी नेहमीचा परिणाम आहे. तो मोजून पाहावा. पाण्याचे एकच भांडे ठेवावे, त्यात बाटलीने मोजून पाणी भरावे आणि चोवीस तासांत किती संपले ते लिहून ठेवावे. किलोमागे दिवसाला १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी पिणे हे कुत्र्याच्या बाबतीत अधिकच मानतात, म्हणजे आपल्याकडे साधारण साडेपाचशे मिलिलिटर ही सीमा. सोलापूरच्या उन्हाळ्यात कोणतेही कुत्रे जरा जास्तच पिते, म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर न जाता तीन दिवस मोजावे. पाणी मात्र कमी करू नये. आणि तीन आठवडे चाललेली गोळी आपल्या मनाने एकदम बंदही करू नये, कारण तेवढ्या काळात शरीरात स्टिरॉइड बनवणारी स्वतःची ग्रंथी सुस्तावलेली असू शकते आणि मात्रा उतरवत न्यावी लागते. ते डॉक्टर ठरवतील. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांतही लघवी अशीच आवरत नाही. तिची नसबंदी झालेली नसेल आणि गेल्या महिना-दोन महिन्यांत ती माजावर येऊन गेली असेल, तर गर्भाशयात पू होण्याची शक्यता असते. त्यात एक दिवसही घालवू नये.

जमखान्याचे काम वेळखाऊ आहे, पण अवघड नाही. फिनेलाने वास जात नाही, कारण ते वासावर वास चढवते आणि लघवीतील द्रव्ये तशीच राहतात. लघवीतल्या युरियाचे जिवाणू अमोनिया करतात, तो नाकाला झोंबतो. त्याहून चिवट अंश धाग्यांच्या तळाशी वाळून बसतात आणि हवेत दमटपणा आला की पुन्हा दरवळतात, म्हणून मृगाच्या पहिल्या सरीला जुना डाग जागा होतो. ओल्या फिनेलवर चालून कुत्री पंजे चाटते, हा आणखी एक धोका. ब्लीच तर वापरूच नये. लघवीतल्या अमोनियाशी मिसळून त्यातून घशाला व फुप्फुसांना घातक वायू निघतो.

डाग ताजा असेल तर घासू नये. जुना टर्किश टॉवेल चौपदरी करून त्यावर ठेवावा आणि चक्क त्यावर उभे राहावे. टॉवेल ओला झाला की कोरडी बाजू घ्यावी. नंतर गार पाणी शिंपडून तेच पुन्हा करावे. गरम पाणी किंवा इस्त्रीची वाफ नको. उष्णतेने डाग आणि वास दोन्ही पक्के होतात. डाग जुना असेल तर पाळीव प्राण्यांच्या सामानाच्या दुकानात मिळणारे एन्झाइमयुक्त द्रावण घ्यावे (त्यात डाग पचवणारी द्रव्ये आणि बहुधा ती बनवणारे जिवाणू असतात), पण आधी फिनेलचा अंश दोन-तीनदा साध्या पाण्याने काढावा, नाहीतर त्या द्रावणातले जिवाणू कामाला लागण्यापूर्वीच मरतात. पाण्याची टंचाई असलेल्या आपल्या शहरात अख्खा जमखाना धुण्याचा सल्ला मी देणार नाही, आणि त्याची गरजही नाही. लघवी जितकी खोल गेली तितके द्रावण खोल गेले पाहिजे. वरवर फवारून उपयोग नाही. लोक इथे हमखास चुकतात: एन्झाइम ओले असेपर्यंतच काम करते, आणि आपल्याकडच्या एप्रिलच्या हवेत पंखा चालू असेल तर फडके तासाभरात कडक होते. म्हणून द्रावण ओतल्यावर त्यावर ओला टॉवेल आणि वर प्लॅस्टिकचा कागद ठेवून रात्रभर दाबून ठेवावे. सकाळी टिपून घेऊन जमखाना उलटा करून बाजेवर, सावलीत वाळवावा. उन्हात वास लवकर जातो हे खरे, पण रंगही जातो.

या सगळ्याआधी पाच मिनिटांची एक परीक्षा करावी. जमखान्याच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर द्रावणाने ओले केलेले पांढरे सुती फडके दाबून धरावे. फडक्यावर रंग उतरला तर रंग कच्चा आहे, आणि घरी फार प्रयोग न करणे बरे. गालिचा लोकरीचा किंवा रेशमी असेल तर प्रथिने तोडणारे एन्झाइम धाग्यालाच खाते, आणि खाण्याचा सोडाही लोकरीला मानवत नाही. सुती जमखान्याला पांढरा व्हिनेगर निम्म्या पाण्यात मिसळून चालतो, मात्र खाली शहाबादी फरशी असेल तर जमखाना उचलून मोरीत किंवा गच्चीवर न्यावा. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे आणि आम्लाने त्यावर पांढुरके चट्टे पडतात. आमच्या ओसरीत असा एक चट्टा कायमचा आहे. फरशीच्या सांध्यांत लघवी मुरली असेल तर तिथेही एन्झाइमच ओतावे. वाळल्यावर रात्री दिवे घालवून अतिनील टॉर्च मारून पाहावा, राहिलेले डाग फिकट पिवळसर चमकतात. निळे-पांढरे चमकले तर तो बहुधा साबणाच्या पावडरीचा अंश असतो. लघवीने मूळ रंगच उडाला असेल, तर तो कशानेही परत येणार नाही.

समजा हे वाचण्याआधीच गोळी देऊन झाली असेल, तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा घरगुती उपाय करू नये; मिठाने कुत्री मेलेली आहेत. गोळीचे पाकीट आणि दिल्याची वेळ घेऊन ताबडतोब निघावे, कारण पहिल्या एक-दोन तासांत डॉक्टरांच्या हातात पुष्कळ काही असते. घरात मांजर असेल तर पॅरासिटामॉल तिच्या वाटेला येणार नाही असे ठेवावे; तिचा जीव जायला एक गोळीही पुरते.

गोळी दिली नसेल, तर उद्या जाताना प्रेडनिसोलोनचे पाकीट, पाण्याचे आकडे आणि सकाळची पहिली लघवी न्यावी. ती बसली की मागून उथळ पळी सरकवावी, कोरड्या स्वच्छ बाटलीत ओतावी आणि दोन तासांत पोहोचवावी. जमखान्यातून पिळून काढलेली तपासणीला चालत नाही. मी एकदा नेली होती आणि डॉक्टर बराच वेळ हसत होते.