शेती संशोधनावर एवढा खर्च होऊनही उसाचं टनेज शेवटी पावसावरच का ठरतं?

तुम्ही एकेका हंगामाचा हिशोब मांडताय, घोळ तिथंच आहे. पाऊस त्याच वर्षी हात दाखवतो. संशोधनाच्या पैशाला फळ धरायला दहा-वीस वर्षं लागतात.

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळकडं ऊस कुठला विचारलं की निम्म्या वेळा उत्तर येतं, '८६०३२'. कोइमतूरच्या ऊस प्रजनन संस्थेतलं हे १९८६ सालचं वाण, म्हणून आकड्यात ८६. महाराष्ट्रासाठी शिफारस झाली १९९६ ला. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीच्या खर्चाचं टनेज आम्ही आज काट्यावर घालतोय. आज तो खर्च कापला तर यंदा कुणाचंच काही बिघडणार नाही, म्हणून तर कापायला सोपा! (आपल्याकडं तो शेतीच्या जीडीपीच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपासच घुटमळतो.)

आता पाण्याचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३. नदीकाठचा आमचा आडसाली (पावसाळ्यात लावलेला, दीडेक वर्षाचा) ऊस आठवडाभराहून जास्त पाण्यात होता. पाणी उतरल्यावर शेंड्याची सुरळी (गुंडाळलेली कोवळी पानं) धरून ओढली तर अलगद हातात आली. आत गाळ, आणि असा कुजका वास की जेवण जाईना. वरच्या अंगाला शेंडे पाण्याबाहेर राहिले होते, तो ऊस सावरला. बुडालेल्याला कांडीवरच्या डोळ्याडोळ्यातनं पांगशा (बाजूचे कोंब) फुटल्या. वाण दोन्हीकडं एकच, खतही तेच.

पण संशोधनाचं निम्मं काम टनेज वाढवायचं नसतंच, पडू न द्यायचं असतं. २००२ ला सांगलीकडं उसावर लोकरी मावा ही रस शोषणारी कीड आली. पानं काळी पडली, फवारणी करावी तर उभ्या फडात शिरता येईना. डिफा, मायक्रोमस असले मावा खाणारे मित्रकीटक ओळखून, वाढवून शेतात सोडले, तेव्हा तो आटोक्यात आला. त्यात किती टन वाचले हे कारखान्याच्या पावतीवर कसं येणार? जगभरचा असाच हिशोब २०२१ च्या एका अभ्यासानं मांडला: हवामान बदललं नसतं तर १९६१ पासून शेतीची उत्पादकता जिथं पोचली असती, त्यापेक्षा ती सुमारे २१ टक्के मागं आहे.

तुलना करायचीच तर एकाच वर्षी, एकाच रानात करा. आमच्या चोपण (खारवट) तुकड्यात फुले २६५ हे दुसरं वाण आणि ८६०३२ शेजारी-शेजारी आहेत. एरवी २६५ पुढं असतो. पूर आला की दोन्ही सारखेच झोपतात.