सगळे फोन मालकालाच का येतात? होम सर्व्हिसवाल्यांचे प्रश्न

एसी, प्लंबिंग, साफसफाई, वायरिंग अशी लोकांच्या घरी जाऊन कामं करणाऱ्या छोट्या धंद्यांच्या मालकांची पत्रं या वेळी एकत्र घेतलीयेत. बऱ्याच जणांची तक्रार सारखीच आहे, व्हिडिओत आणि सेमिनारमध्ये मॅनेजमेंटचे शब्द भरपूर ऐकायला मिळतात पण दुकानात आल्यावर त्यांचं नक्की करायचं काय ते कळत नाही. माझं म्हणणं असं की यातला कुठलाही शब्द आपल्या धंद्यातल्या एका माणसाच्या नावाशी आणि एका आकड्याशी बांधला की मगच कामाला येतो, म्हणून उत्तरं तशीच लिहिलीयेत.

प्रश्न : ताई, कांदिवलीला माझं एसी सर्व्हिसचं काम आहे, सात पोरं आहेत. डेलिगेशन करा, म्हणजे कामं दुसऱ्यावर सोपवा, असं सगळे सांगतात म्हणून सगळ्यात जुन्या पोराला सुपरवायझर केलं, पगारपण वाढवला. तरी दिवसभर फोन मलाच. गिऱ्हाईक मला करतं, पोरं मला करतात, सुपरवायझरसुद्धा मलाच करतो. एप्रिल-मेमध्ये धड जेवायला मिळत नाही. कुठे चुकतंय?

उत्तर : दादा, तुम्ही त्याला काम दिलंत, अधिकार दिला नाहीत. समजा मालाडला सर्व्हिस झाली आणि दुसऱ्या दिवशी इनडोअर युनिटमधून पाणी टपकायला लागलं, गिऱ्हाईक चिडलंय, आजच माणूस पाठवा म्हणतंय. तुमचा सुपरवायझर दुसरा एखादा कॉल उद्यावर टाकून तिथे पोरगा पाठवू शकतो का? ही व्हिजिट फुकट द्यायची हे तो स्वतः ठरवू शकतो का? ड्रेन पाइप खराब असेल तर तुम्हाला न विचारता बदलून देऊ शकतो का? तिन्ही ठिकाणी त्याला ‘शेठला विचारून सांगतो’ म्हणावं लागत असेल तर पुढच्या वेळी गिऱ्हाईक त्याला फोन कशाला करेल, सरळ तुम्हालाच करणार ना.

तर आता एका कागदावर लिहून काढा की तो काय काय स्वतः ठरवणार. रोजच्या ड्युट्या लावणं आणि बदलणं त्याच्याकडे. एका तक्रारीमागे ५०० रुपयांपर्यंतची सूट किंवा फुकट काम त्याच्याकडे (तुम्हाला परवडेल तो आकडा टाका, पण आकडा टाकाच, ‘बघून घे’ असं सांगू नका). कुणाचा खाडा झाला तर त्याचे कॉल कुणाला द्यायचे ते त्याच्याकडे. आणि तुमच्याकडे फक्त तीन गोष्टी यायच्या, कुणाला लागलं तर, गिऱ्हाइकाच्या घरात मोठं नुकसान झालं तर आणि पैशाचा घोळ झाला तर. सेफ्टीचे नियम मात्र त्याला सैल करता येणार नाहीत हेही त्याच कागदावर हवं. हल्लीच्या बऱ्याच एसीत आर-३२ गॅस असतो आणि तो पेट घेऊ शकतो, त्यामुळे गॅस पूर्ण काढल्याशिवाय पाइपाला जोडकामाचा पेटता टॉर्च लावायचा नाही, आणि बाहेरच्या छज्जावर बेल्टशिवाय उतरायचं नाही, मग दिवसाला कितीही कॉल असोत.

हा कागद सगळ्या पोरांसमोर वाचा, त्याच्या एकट्याच्या हातात देऊन गप्प बसू नका. पोरांनी फोन केला की ‘त्याला विचार’ एवढंच सांगायचं आणि ठेवायचं. पहिले काही दिवस त्रास होईल, त्याचा एखादा निर्णय तुम्हाला पटणार नाही, पण तो पोरांसमोर फिरवू नका, संध्याकाळी दोघंच बसून बोला. एकदा का मालकानं सगळ्यांसमोर सुपरवायझरचा शब्द मोडला की त्याचा अधिकार तिथेच संपतो, मी याबाबतीत फार ठाम आहे.

अजून एक, तो तुमचा सगळ्यात चांगला मेकॅनिक असणार, म्हणून तर निवडलात. मग त्याच्या नावावर आधीएवढेच कॉल ठेवू नका, दोन ठेवा, बाकी वेळ तो फोन आणि पोरं सांभाळेल. मुंबईत १८९० पासून चालत आलेल्या डबेवाल्यांच्या कामाचं कौतुक सगळेच करतात, त्यातली मला सगळ्यात उपयोगाची वाटणारी गोष्ट म्हणजे प्रत्येक गटाचा मुकादम असतो आणि एखादा आला नाही तर त्याचे डबे कोण उचलणार हे गटातल्या गटातच ठरतं. तुमचा सुपरवायझर म्हणजे तसा मुकादम व्हायला हवा. दर सोमवारी त्याच्याबरोबर अर्धा तास बसा, किती तक्रारी परत आल्या, किती रुपयांची सूट दिली, काय अडकलंय एवढंच विचारा. यापुढे हिशेब त्यानं द्यायचा, पण गिऱ्हाइकासमोर शेवटची जबाबदारी तुमचीच राहते, ती काही सोपवता येत नाही.

प्रश्न : लालबागला प्लंबिंगचं दुकान आहे. माल-मजुरीवर २५ टक्के चढवून बिल करतो. एका सोसायटीला २० टक्के डिस्काउंट दिला, म्हणजे ५ टक्के तरी सुटायला हवेत. काहीच राहिलं नाही. असं कसं?

उत्तर : खर्च ८०० धरा, २५ टक्के चढवले, बिल झालं १०००. डिस्काउंट १००० वर दिलात, २०० गेले, राहिले ८००, म्हणजे तुमचा खर्चच. खर्चावर चढवतो तो मार्कअप, बिलातून सुटतं ते मार्जिन, आणि तुमचं मार्जिन मुळात २० टक्केच होतं. शिवाय त्या ८०० मध्ये दुकानाचं भाडं, पेट्रोल आणि तुमचा स्वतःचा पगार धरला नसेल तर तुम्ही खिशातून पैसे घालून काम केलंय. आणि वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते, तेही रेट ठरवताना डोक्यात ठेवा.

प्रश्न : ताई, मुलुंडला माझं डीप क्लीनिंगचं काम आहे, १२ जणी आहेत. एका कन्सल्टंटनं केपीआय, म्हणजे काम मोजायचा आकडा, लावायला सांगितलं म्हणून ठरलेल्यापेक्षा जास्त घरं केली की घरामागे १५० रुपये इन्सेन्टिव्ह सुरू केला. घरं वाढली पण तक्रारी पण वाढल्या, परत जाऊन फुकट करून द्यावं लागतं. आता तक्रारीमागे दंड लावू का?

उत्तर : दंड नको. एक तर पगारातून मनाला येईल तसं कापता येत नाही, कायद्यात त्याला मर्यादा आहेत, आणि दुसरं म्हणजे चूक त्या बायकांची नाहीये. तुम्ही घरं मोजलीत, त्यांनी घरं वाढवून दाखवली, सांगितलं तेच केलं त्यांनी. एकटा आकडा कधीच लावू नये, वेगाचा आकडा लावला की त्याच्या जोडीला दर्जाचा लावायचा. सात दिवसांत त्याच घरातून त्याच कामाची तक्रार आली तर ती रिपीट, अशी व्याख्या आधी पक्की करा, नाहीतर प्रत्येक वेळी वाद होईल. आणि दोघी-दोघी मिळून घर करतात ना, मग इन्सेन्टिव्हही जोडीला द्या, रिपीट नसलेल्या घरांवरच द्या. एका रिपीटमध्ये दोघींचा अर्धा दिवस, येण्याजाण्याचं भाडं आणि त्या वेळात होऊ शकलं असतं ते दुसरं घर असं सगळं जातं, ते एकदा मांडून बघा म्हणजे १५० रुपये किती महाग पडतायत ते दिसेल.

पण त्याआधी तक्रार येते कुठून ते शोधा. टोयोटाच्या कारखान्यांत एक पद्धत रुळलीय, पुन्हा पुन्हा ‘का’ विचारत मुळाशी जायचं, पाच वेळा म्हणतात पण कधी चारमध्येच सापडतं. समजा तक्रार आहे की किचनच्या टाइल्सवर तेलकट थर राहिला. का? केमिकल लावून लगेच पुसलं, मुरू दिलं नाही. का? पुढच्या घरी दोन वाजता पोचायचं होतं. का? पहिलं घर घाटकोपरला आणि दुसरं ठाण्यात लावलेलं. का? बुकिंग घेताना एरियाही बघितला नाही आणि किचन किती खराब आहे तेही विचारलं नाही. आता सांगा, दंड कुणाला करणार? बुकिंगच्या फोनवर चार प्रश्न वाढवा, किचनचा फोटो मागवा आणि एका जोडीला एका दिवशी एकाच पट्ट्यातली घरं द्या. यालाच एसओपी, म्हणजे कामाची ठरलेली पद्धत, म्हणतात, त्याला जाड फाइल लागत नाही, व्हॉट्सअॅपवर फोटोसकट मराठी-हिंदीत टाकलेल्या सात-आठ ओळी पुरतात, मात्र त्या रोज पाळल्या गेल्या पाहिजेत.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. १० किंवा जास्त माणसं असली की ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) लागू होतं, २१,००० पर्यंत पगार असलेल्यांसाठी, मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के. स्टुलावर चढून पंखे पुसणाऱ्या बायका आहेत तुमच्या, पडल्या तर उपचार आणि बुडालेल्या पगाराचा मोठा भाग यातून मिळतो. नोंदणी केली नसेल तर इन्सेन्टिव्हच्या आधी हे करा.

प्रश्न : चेंबूरला वॉटर प्युरिफायर सर्व्हिसिंग करतो. मार्च-एप्रिलमध्ये एएमसी (वर्षभराच्या सर्व्हिसिंगचे आगाऊ पैसे घेऊन केलेले करार) भरपूर होतात, अकाउंट भरलेलं दिसतं, ऑक्टोबर आला की पगाराला उसने घ्यावे लागतात. सीए म्हणतात धंदा नफ्यात आहे. कॅश फ्लो सांभाळायचा म्हणजे नक्की काय?

उत्तर : एएमसीचे पैसे आले त्या दिवशी ते तुमची कमाई नसते, पुढे वर्षभर करायच्या कामाचं ते देणं असतं. ३,६०० ची एएमसी, वर्षात तीन व्हिजिट, तर एक व्हिजिट झाली की १,२०० तुमचे झाले, बाकीचे २,४०० अजून गिऱ्हाइकाचेच समजा. तुम्ही एप्रिलमध्येच बाइक घेतली किंवा दुकान रंगवलं की ऑक्टोबरच्या व्हिजिटचा फिल्टर, मेम्ब्रेन, पोराचा पगार हे सगळं कुठून आणणार? दुसरं बँक अकाउंट उघडा, एएमसीचा प्रत्येक रुपया तिथे जाऊ द्या आणि महिन्याअखेरी जेवढ्या व्हिजिट पूर्ण झाल्या तेवढेच पैसे धंद्याच्या अकाउंटला घ्या. आणि पुढच्या तीन महिन्यांचे आठवडे वहीत मांडून कुठल्या आठवड्यात काय येणार, काय जाणार ते लिहा, अडचणीचा आठवडा आधीच दिसतो आणि मग गिऱ्हाइकांकडे रिन्युअलची आठवण वेळेत करता येते.

ऑफिसांची कामं करत असाल आणि ते दोन-दोन महिने बिल लटकवत असतील तर उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, काम घेणाऱ्या कंपनीला जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत, आणि २०२४ पासून आयकराच्या नियमामुळे कंपनीनं उशीर केला तर पैसे देईपर्यंत तो खर्च तिला वजा दाखवता येत नाही. बिलावर उद्यम नंबर छापा, अकाउंट्सवाल्यांना ते लगेच समजतं.

प्रश्न : वेबसाइट करतोय, ते मिशन आणि व्हिजन लिहून मागतायत. काय लिहू? (पेस्ट कंट्रोल, दहिसर)

उत्तर : जे पाळू शकता तेवढंच. ‘दिलेल्या वेळेत येऊ, कुठलं औषध मारतोय ते सांगू, घरात लहान मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर आधी विचारू.’ एवढं पुरे, आणि पोरांना पाठ असू द्या.

प्रश्न : ताई, गिरगावात पप्पांचं इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टचं काम आहे, ते आता मी बघते. दोन वायरमन मला लहानपणापासून ओळखतात, मी त्यांना काकाच म्हणते. काहीही सांगितलं की ‘तू राहू दे बाळा, आम्ही बघतो’. लीडरशिपच्या कोर्सला जाऊ का?

उत्तर : काका म्हणणं अजिबात सोडू नकोस, त्यानं तुझा मान कमी होत नाही. पण कामाचे दोन भाग कर. कुठल्या चाळीत वायर कुठून फिरवलीय, जुनी पाइपिंग ठेवायची की उघडी पट्टी मारायची हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं, तिथे त्यांना विचार आणि त्यांचंच ऐक. आणि सेफ्टी, रेट, नोंदी हा भाग तुझा, इथे चर्चा नाही. मेन बंद करून टेस्टरनं तपासल्याशिवाय हात लावायचा नाही, ३० मिलिअॅम्पियरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवला की टेस्ट बटण गिऱ्हाइकासमोर दाबून दाखवायचं, काम झाल्यावर डीबीचा (स्विच-फ्यूजच्या पेटीचा) फोटो तुला पाठवायचा. कारण सांग त्यांना, गिरगावातल्या जुन्या इमारतींत कित्येक घरांत अर्थिंगच धड नसतं आणि उद्या काही झालं तर फर्मचा परवाना अडकणार, त्यांचंही काम जाणार.

नियम मोडला तर त्याच दिवशी, एकट्याला बाजूला घेऊन, त्या एकाच कामाबद्दल बोल, ‘तुम्ही नेहमीच असं करता’ हे वाक्य नको. आणि पप्पांशी आजच बोल, कारण मला वाटतं दोघंही काका अजून रात्री पप्पांना फोन करून विचारत असणार. पप्पांनी सगळ्यांना बसवून एकदा सांगायला हवं की आता तिचा शब्द शेवटचा, आणि त्यानंतर फोन आला तर तुझ्याकडे पाठवायचा. कोर्सला जायचं तर जा, पण आधी दुकानात मेगर (वायरीचं इन्सुलेशन मोजायचं मीटर) नसेल तर तो घे, इन्सुलेशनचा आकडा समोर ठेवला की वायरिंग बदलायचं की नाही हे काकांशीही आणि गिऱ्हाइकाशीही नीट बोलता येतं. फक्त हे सगळं गणपतीच्या तोंडावर सुरू करू नकोस, तेव्हा कामं एवढी असतात की नवी पद्धत कुणीच पाळणार नाही.