सोलापुरात मिळणारी कोळंबी अरबी समुद्रातली की बंगालच्या उपसागरातली, हे डीएनएवरून कळतं का?

आधी जात बघा. आपल्याकडे बर्फाच्या पेटीत येणारी फिकट करडी कोळंबी बहुतेक वेळा व्हनामी असते, तळ्यात वाढवलेली. तिचं मूळ घर मेक्सिको ते पेरू हा पॅसिफिक किनारा. भारतात तिच्या शेतीला 2009 मध्ये परवानगी मिळाली. तिच्या डीएनएवरून फार तर हॅचरीचा, म्हणजे पिल्लं तयार करणाऱ्या केंद्राचा, वाण कळेल, समुद्र नाही.

पट्टेवाली टायगर कोळंबी जाळ्यात सापडलेली असेल, तर प्रश्नात दम आहे. मादी एका वेळी लाखो अंडी थेट पाण्यात सोडते आणि पिल्लं दोन-तीन आठवडे प्रवाहाबरोबर वाहत राहतात. त्यामुळे जवळजवळच्या बंदरांतला माल जनुकांच्या हिशेबात जवळपास सारखाच निघतो. एका नगावरून ‘ही रत्नागिरीचीच’ असं छातीठोक सांगणारा भेटला, तर जरा जपून.

मोठा फरक दिसतो तो हिंदी महासागर आणि पश्चिम पॅसिफिक यांच्यात. हिमयुगात समुद्र सुमारे 120 मीटर खाली गेला, इंडोनेशियाकडचा उथळ भाग कोरडा पडला आणि दोन्हीकडच्या कोळंबीची गाठ पडेनाशी झाली. मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांच्या, डीएनएत ती फारकत आजही वाचता येते.

बाकी, घ्यायचीच असेल तर डोकं बघा. काळं पडलेलं, लोंबतं असेल तर पुढचा गाळा गाठा.